सोमाली परदेशस्थ समाज : कुळ, कलह आणि धावपटू

सोमाली परदेशस्थ समाज : सोमालिया, सोमालीलँड, जिबूती, इथिओपियाचा ओगादेन आणि केनियाचा ईशान्य भाग या सलग पट्ट्यातून जगभर पांगलेल्या सोमाली लोकांचा समाज. सोमाली भाषेत अशा माणसाला ‘कुर्बजोग’ म्हणतात, म्हणजे परमुलखात राहणारा. २०१५ च्या सुमारास सोमालियात जन्मून बाहेर राहणाऱ्यांची संख्या २० लाखांच्या घरात होती. त्यांतले बरेचसे केनिया, इथिओपिया, येमेन अशा शेजारी देशांतच. दूरची मोठी ठाणी म्हणजे लंडन, कार्डिफ, मिनिॲपोलिस, कोलंबस, टोरांटो आणि स्टॉकहोमचे रिंकेबी उपनगर. नैरोबीच्या ईस्टली भागाला तर लोक ‘छोटे मोगादिशू’च म्हणतात.

मायदेशातल्या युद्धाविषयी या लोकांचे मत काय, असे बाहेरचे लोक विचारतात तेव्हा मत एकच असेल असे त्यांनी धरलेले असते. तसे ते नाही. रात्री फोन कुठल्या गावाहून येतो आणि महिनाअखेर पैसे कुणाला पाठवायचे असतात, यावर ते बरेचसे ठरते. फोन आणि पैसे यांची वाट ठरवते ते कुळ.

पांगापांग

सोमाली माणूस यादवीच्या आधीही बाहेर पडत होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून एडन बंदरातून आगबोटींवर भट्टीत कोळसा घालणारे खलाशी म्हणून सोमाली लोक जात आणि कार्डिफला किंवा लंडनच्या ईस्ट एंडला उतरून तिथेच राहत. हे एडन तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत असे. समोरच्या किनाऱ्यावरच्या ब्रिटिश सोमालीलँडचा कारभारही १८९८ पर्यंत हिंदुस्थान सरकारकडे होता आणि रुपया तर तिथे १९४१ पर्यंत चालला. कार्डिफमधल्या महमूद मत्तान या सोमाली खलाशाला १९५२ साली खुनाच्या आरोपावरून फाशी दिले गेले. ती शिक्षा चुकीची होती, हे ब्रिटिश न्यायालयाने १९९८ मध्ये मान्य केले. जुन्या खलाशी कुटुंबांत ही आठवण अजून ताजी आहे.

१९६० च्या जून-जुलैत ब्रिटिश आणि इटालियन सोमालीलँड स्वतंत्र होऊन एक झाले. निळ्या झेंड्यावरच्या पांढऱ्या ताऱ्याला पाच टोके आहेत, ती पाच सोमाली प्रदेशांची. त्यांतले तीन नव्या देशाबाहेरच राहिले. ते परत जोडण्याच्या ईर्षेतून १९७७-७८ चे ओगादेन युद्ध झाले. सोमालियाने ते गमावले आणि १९६९ पासून सत्ता बळकावून बसलेल्या सियाद बर्रेचा पाया तिथून ढासळू लागला. त्याच्याविरुद्ध उभी राहिलेली ‘सोमाली राष्ट्रीय चळवळ’ ही सशस्त्र संघटना १९८१ मध्ये स्थापन झाली ती लंडनमध्ये. या देशाचे युद्ध परदेशस्थांनी लांबून केवळ पाहिले नाही. त्यातल्या एका मोठ्या फळीची सुरुवातच त्यांच्यातून झाली. १९८८ मध्ये बर्रेच्या विमानांनी हर्गेसा शहर बेचिराख केले. ही विमाने त्याच शहराच्या विमानतळावरून उडत होती. त्यातलेच कोसळलेले एक मिग विमान आज हर्गेसाच्या चौकात स्मारक म्हणून उभे आहे. जानेवारी १९९१ मध्ये बर्रे पळाला, मे महिन्यात सोमालीलँडने वेगळे होत असल्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी केनियात दादाबची निर्वासित छावणी उभी राहिली. पुढे अमेरिकेला आणि युरोपला गेलेल्या हजारो कुटुंबांची वाट याच छावणीतून गेली.

कुळ, म्हणजे भावकी

इंग्रजी वळणाने याला ‘टोळी’ म्हणायची आपल्याकडे सवय आहे. तो शब्द इथे बसत नाही. सोमाली लोकांची भाषा एक, धर्म एक, आणि बव्हंशी पंथही एक. वेगळी आहे ती वंशावळ. ‘कबील’ म्हणजे बापाकडून मोजलेली, वीस-पंचवीस पिढ्या मागे जाणारी भावकी. ती तोंडपाठ म्हणून दाखवण्याला ‘अब्तिर्सी’ म्हणतात. दारोद, हाविये, दिर, इसाक आणि रहनवेन ही मोठी कुळे. त्यांच्या पोटात शाखा आणि शाखांच्या पोटात उपशाखा.

या भावकीचे खरे काम विम्याचे आहे. ‘हेर’ या पारंपरिक कायद्यात पुरुषाच्या खुनाची भरपाई शंभर उंट धरली जाते, आणि ती खुनी एकटा देत नाही, त्याचा गट वर्गणी काढून देतो. या भरपाईला ‘मग’ म्हणतात. सरकार, पोलीस, न्यायालय यांतले काहीच उरले नाही तेव्हा माणसाला जिवंत ठेवले ते या व्यवस्थेने. म्हणून ‘कुळ सोडा, आधुनिक व्हा’ हा उपदेश कानाला चांगला लागला तरी पोकळ ठरतो. सोडून जायचे कुठे, याचे उत्तर त्यात नसते. बर्रेने १९७० च्या दशकात कुळवादाचे पुतळे पुरले आणि कुळाचा उच्चारही गुन्हा ठरवला. लोकांनी लगेच ‘तुमचे माजी कुळ कोणते?’ असे विचारायला सुरुवात केली. खुद्द त्याची सत्ता मात्र मारेहान, ओगादेन आणि धुलबहान्ते या तीन शाखांवर उभी आहे, असे उघड बोलले जाई.

२००० मध्ये जिबूतीतल्या आर्ता इथल्या परिषदेने ‘साडेचार’चे सूत्र स्वीकारले. दारोद, हाविये, दिर आणि दिगिल-मिरिफ्ले म्हणजेच रहनवेन या चौघांना सारखा वाटा आणि उरलेल्या सगळ्या अल्पसंख्यांना मिळून अर्धा. इसाक या हिशोबात दिरमध्ये धरले जातात, आणि सोमालीलँडमधल्या इसाकांचा मोठा भाग हा हिशोबच मानत नाही. या सूत्राची सर्वांत तिखट चीड परदेशात ऐकू येते ती सोमाली बांटूंकडून. नदीकाठच्या या शेतकरी समाजातली हजारो माणसे २००३ नंतर अमेरिकेत वसवली गेली. ‘आम्ही अर्धी माणसे काय?’ हा त्यांचा प्रश्न इतर सोमालींना अडचणीत टाकतो.

बसून लढणारे

चहाच्या दुकानात बसून देशाची सरकारे पाडणाऱ्या पुरुषांना सोमालीत ‘फदी कु दिरिर’ म्हणतात. शब्दशः, बसून लढणे. आपल्या कट्ट्यावरच्या राजकारणाचा हा सख्खा भाऊ, फरक एवढाच की तिथली चर्चा कधीकधी बंदुकीपर्यंत पोहोचते. पूर्वी आखाती देशांतून आणि बंदरांतून ध्वनिफिती फिरत, त्यांत कुळाचा अपमान आणि त्याला दिलेला जबाब कवितेत असे. त्याच्याही आधी, १९५७ पासून, लंडनहून बीबीसीची सोमाली सेवा ऐकू येऊ लागली होती आणि भांडायला रोजचा ताजा माल मिळाला होता. आता हे काम फोनवरच्या थेट प्रक्षेपणाने घेतले आहे. कुळाकुळांच्या शिवीगाळीच्या जुगलबंद्या आणि तिथल्या तिथे गोळा होणारे पैसे हा त्यातला वाईट भाग. ऑगस्ट २०२३ मध्ये सोमाली सरकारने टिकटॉक आणि टेलिग्रामवर बंदी जाहीर केली. कारण मात्र दहशतवादी प्रचाराचे दिले.

पैसा जातो तो हवालामार्गे. १९७० मध्ये सुरू झालेली दहबशील ही यातली सर्वांत मोठी कंपनी. दरसाल एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम परदेशस्थ लोक घरी पाठवतात. शाळेची फी, औषधे, दुष्काळात पाणी विकत घेणे, सगळे त्यातून भागते. अकरा सप्टेंबरनंतर, नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेने अल-बरकात ही मोठी हवाला कंपनी दहशतवादाशी संबंध जोडून बंद पाडली, तेव्हा लाखो घरांचे महिन्याचे पैसे अडकले. परदेशातल्या बायका आपसात ‘अय्यूतो’ किंवा ‘हगबद’ चालवतात, ती म्हणजे हुबेहूब भिशी. कित्येक कुटुंबांचे विमानाचे तिकीट किंवा दुकानाचे भांडवल त्यातूनच निघाले आहे. पुरुषांच्या चर्चेपेक्षा या भिशीने समाज जास्त सांभाळला, असे प्रस्तुत लेखकाचे मत.

मात्र भावकीची वर्गणी शाळेला जाते त्याच वाटेने लढाईलाही जाते. याचे ताजे उदाहरण लास आनोद. सोमालीलँडच्या पूर्व टोकाचे हे शहर धुलबहान्तेंचे. तिथे डिसेंबर २०२२ च्या अखेरीस निदर्शने पेटली, ६ फेब्रुवारी २०२३ ला लढाई सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये सोमालीलँडच्या फौजेला मोक्याचा तळ सोडून मागे हटावे लागले. जगभरच्या धुलबहान्ते कुटुंबांनी या काळात शहरासाठी पैसे उभे केले, औषधेही आणि बाकीचेही; सोमालीलँडच्या बाजूचे लोकही स्वस्थ नव्हते. एकाच युरोपीय शहरात दोन मशिदींबाहेर दोन डबे, असा तो प्रकार. सोमालीलँडमध्ये बहुसंख्य असलेल्या इसाकांच्या दृष्टीने हा तीस वर्षे जपलेल्या शांततेवरचा घाला होता. धुलबहान्तेंच्या दृष्टीने, न विचारता जोडलेल्या देशातून सुटका. दोघांकडे मेलेल्यांची नावे आहेत. २६ डिसेंबर २०२५ रोजी इस्रायलने सोमालीलँडला मान्यता दिली, तेव्हा हीच फट पुन्हा उघडली. ‘इतक्या वर्षांनी कुणीतरी आम्हाला देश म्हटले’ हा आनंद एकीकडे, आणि गाझाच्या काळात मान्यता नेमकी कुणाकडून घेतली, हा प्रश्न दुसरीकडे. असे प्रश्न कधी एकाच घरातल्या जेवणावर निघतात.

अल-शबाब या सशस्त्र इस्लामी संघटनेविषयी मात्र बहुतेकांचे मत आता एक आहे. सुरुवातीला तसे नव्हते. डिसेंबर २००६ मध्ये इथिओपियाची फौज सोमालियात घुसली, तेव्हा जुन्या वैऱ्याविरुद्ध लढायचे म्हणून मिनिॲपोलिसमधून वीसेक तरुण गेले. ३ डिसेंबर २००९ ला मोगादिशूच्या शामो हॉटेलात वैद्यकीय पदवीदान समारंभात स्फोट झाला; मरणारे विद्यार्थी आणि मंत्री होते, आणि स्फोट घडवणारा डेन्मार्कमध्ये वाढलेला सोमाली. १४ ऑक्टोबर २०१७ च्या ट्रकस्फोटात तर मोगादिशूत जवळपास ६०० माणसे गेली. त्यानंतर सहानुभूती शोधूनही सापडत नाही.

परतीचे पुढारी हा आणखी एक दुखरा विषय. मोहम्मद अब्दुल्लाही ‘फर्माजो’ न्यूयॉर्क राज्यातल्या बफलोत सरकारी नोकरी करत होते. २०१० मध्ये ते पंतप्रधान आणि २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांचे पंतप्रधान हसन अली खैरे नॉर्वेहून आलेले. मागे राहून हाल काढलेल्यांना हे दोन पासपोर्टवाले साहेब खुपतात. परदेशस्थांना वाटते, शिकून आलो तर यात चूक काय. सोमालियात जन्मलेल्या इल्हान ओमर २०१८ मध्ये अमेरिकी काँग्रेसवर निवडून आल्या, तेव्हा मात्र अभिमान बहुतेकांनी वाटून घेतला.

धावपटू कुणाचा?

सोमालियाने १९७२ पासून ऑलिंपिकमध्ये भाग घेतला आहे. पदक एकही नाही. सोमाली रक्ताच्या धावपटूंनी मात्र ढीगभर मिळवली, दुसऱ्या देशांच्या बनियनवर. स्वतःच्या झेंड्याखाली जग जिंकलेला एकच, अब्दी बिले. १९८७ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत त्याने १५०० मीटरचे सुवर्ण घेतले. अमेरिकेत जॉर्ज मेसन विद्यापीठात तो तयार झाला; जन्म लास आनोदचा. त्या शहराचे नाव बातम्यांत तोफांमुळे येण्याआधी त्याच्यामुळे येत असे.

ऑगस्ट २०१२ मध्ये मो फाराहने लंडनमध्ये ब्रिटनसाठी ५००० आणि १०००० मीटर दोन्ही जिंकल्या आणि चार वर्षांनी रिओत तेच परत केले. त्याच ऑगस्टमध्ये मोगादिशूत जमलेल्या क्रीडा मंडळींना अब्दी बिलेने सामिया युसूफ ओमरची आठवण करून दिली. बीजिंगला २००८ मध्ये २०० मीटर धावून शेवटी आलेली ही मुलगी युरोपात सराव मिळावा म्हणून नावेतून निघाली आणि एप्रिल २०१२ मध्ये भूमध्य समुद्रात बुडाली. बिलेचा रोख साधा होता : फाराहचा आनंद जरूर करा, पण ती कुठे गेली ते तुम्हाला माहीत आहे का?

फाराहचे स्वतःचे सत्य दहा वर्षांनी, जुलै २०२२ मध्ये, त्यानेच सांगितले. त्याचे खरे नाव हुसेन अब्दी काहिन. वडील यादवीत मारले गेले. नवव्या वर्षाच्या आसपास दुसऱ्याच मुलाच्या नावावर त्याला ब्रिटनमध्ये आणून घरकामाला जुंपले गेले. त्याचा जन्म गबिलेचा, म्हणजे सोमालीलँडचा. त्यामुळे हर्गेसावाले त्याला आपला म्हणतात, मोगादिशूवाले नुसता ‘सोमाली’ म्हणतात आणि ब्रिटन त्याला सर ही पदवी देते.

टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन ८ ऑगस्ट २०२१ ला साप्पोरोत झाली. शेवटच्या काही मीटरवर नेदरलँड्सचा अब्दी नागीये दुसरा धावत होता आणि मागे वळून वळून बेल्जियमच्या बशीर अब्दीला हाताने खुणावत होता : ये, ये. दोघे मोगादिशूत जन्मलेले, दोघे सरावातले सोबती. बशीरने केनियाच्या धावपटूला मागे टाकून कांस्य घेतले. त्याचे कुळ कोणते, हे त्या दिवशी विचारणारे अर्थात होतेच.

मायदेशात परिस्थिती वेगळी. मोगादिशूचे मुख्य स्टेडियम आधी अल-शबाबच्या आणि मग आफ्रिकी संघाच्या फौजांच्या तळाखाली गेले. ते २०१८ मध्ये रिकामे झाले. २०२३ मध्ये चेंगदूच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत सोमालियाची एक मुलगी १०० मीटर २१.८१ सेकंदांत धावली, इतरांच्या दुपटीच्या आसपास वेळ. जग हसले. परदेशस्थ सोमाली संतापले, आणि त्यांचा राग मुलीवर नव्हता. निवडीत नातेवाईक घुसवल्याच्या आरोपावरून ॲथलेटिक्स महासंघाच्या प्रमुख निलंबित झाल्या. साडेचारच्या सूत्रात वाढलेल्यांना यात नवल वाटले नाही.

मुलांच्या पिढीचे खेळ निराळेच आहेत. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या लुइस्टन गावाची शाळा २०१५ मध्ये फुटबॉलची राज्यविजेती झाली ती बहुतांशी सोमाली निर्वासितांच्या मुलांच्या जोरावर, आणि त्यांत बांटूही होते. स्वीडनमधल्या बोर्लेंगे गावात आलेल्या मुलांनी तर बर्फावरच्या बँडी या खेळात सोमालियाचा राष्ट्रीय संघच काढला. २०१४ च्या सुरुवातीला सायबेरियातल्या इर्कुत्स्क इथे जागतिक स्पर्धेत ते उतरले, तेव्हा कित्येकांना स्केट घालून वर्षही झाले नव्हते. सामने मोठ्या फरकाने हरले. निळ्या बनियनवर पांढरा तारा होता, पाची टोकांसकट.