‘शनेल नंबर १९’: हिरव्या गंधामागचा कडवटपणा

फुलांच्या परफ्यूमला ‘हिरवं’ म्हणतात ते त्यातल्या खुडलेल्या देठाच्या कच्चट, किंचित कडू वासामुळे. ‘शनेल नंबर १९’ची ओढ या कडूपणातच आहे, आणि त्याचा उगम गाल्बानम नावाच्या डिंकात.

इराणच्या डोंगराळ भागात वाढणाऱ्या एका फेरूला जातीच्या झाडाचा हा चीक. आपला हिंगही याच वंशातला. मुळाजवळ छेद देतात, पाझरलेला चीक सुकला की खरवडून काढतात आणि वाफेच्या ऊर्ध्वपातनाने त्याचं तेल मिळवतात. तेलात मोठा वाटा पाइनीनसारख्या टर्पीनांचा, म्हणजे टर्पेंटाइनमध्येही असणाऱ्या उडनशील द्रव्यांचा असतो. पण वासावर ठसा उमटतो तो अत्यल्प प्रमाणातल्या पायराझिन या तीव्र वासाच्या संयुगांचा. ढोबळी मिरचीचा वास यांच्यातल्याच एका संयुगाचा. त्यामुळे मात्रा जराशी चुकली, तरी फुलं मागे पडतात आणि भाजीच चिरल्यासारखं वाटतं.

तरीही १९४७ साली परफ्यूमकार जर्मेन सेलिए यांनी बाल्मँ या फॅशनघराण्याच्या ‘व्हाँ व्हेर’ परफ्यूममध्ये गाल्बानम सुमारे ८ टक्के घातलं. फारच धीट काम. त्यातूनच हिरव्या फुलगंधांचं घराणं सुरू झालं.

‘नंबर १९’ १९७०-७१च्या सुमारास आलं. कर्ते आँरी रोबेर. आकडा गाब्रिएल शनेल यांच्या वाढदिवसाचा, १९ ऑगस्टचा. रोबेर यांनी गाल्बानमची धार साखरेने बोथट केली नाही, तिच्याशेजारी आयरिसचा कंद, म्हणजे ओरिस ठेवला. हा कंद जमिनीत साधारण ३ वर्षं वाढतो, मग सोलून, वाळवून आणखी काही वर्षं मुरवावा लागतो. ताज्या कंदाला वास जवळजवळ नसतोच. आयरोन ही गंधद्रव्यं साठवणीतच हळूहळू तयार होतात. टनभर सुक्या कंदातून ‘लोणी’ (ओरिसचा घट्ट, सुगंधी अर्क) निघतं जेमतेम २ किलोंच्या आसपास. हा वास थंड, कोरडा, पावडरीसारखा. त्याच्या सोबतीने गुलाब आणि नेरोली (कडू संत्र्याच्या फुलांचं तेल) गोडाकडे झुकत नाहीत. तळाशी वाळा, चामड्याची छटा आणि ओकमॉस.

ओकमॉस हे दगडफुलासारखंच शैवाक. त्यातल्या अट्रानॉल आणि क्लोरोअट्रानॉलमुळे त्वचेला ॲलर्जी होते, म्हणून युरोपीय संघाने २०१७च्या नियमाने ही दोन्ही द्रव्यं बंद केली. आता ती काढून टाकलेला ओकमॉस वापरतात. जुन्या मॉस-प्रधान परफ्यूमच्या तळाचा दाट, ओलसर काळोख त्यामुळे विरळ झाला. ‘नंबर १९’मध्ये हिरवेपणा सर्वांत ठसठशीत ‘ओ द तॉयलेत’ या सौम्य प्रकारात, ‘पार्फम’ या सर्वांत दाट प्रकारात ओरिस वरचढ. २०११ची ‘पूद्रे’ ही आवृत्ती मऊ कस्तुरीची आहे. गाल्बानमसाठी येणाऱ्याने ती घेऊ नये.

जुनी बाटली उजेडात किंवा उष्णतेत राहिली असेल, तर आधी वरच्या थरातली (फवारल्यावर पहिल्यांदा जाणवणारी) टर्पीनंच ऑक्सिडीकरणाने बिघडतात आणि पहिल्या फवाऱ्याला टर्पेंटाइनसारखा वास येतो. तेवढ्यावरून ती टाकून देऊ नये. मनगटावर २० मिनिटं थांबून पाहावं. ओरिस आणि वाळा बहुधा शाबूत असतात.