गॅस संपला की गॅस गेला?

शेगडी विझली की आपण म्हणतो, ‘गॅस संपला’. फ्रिज थंड करेना की म्हणतो, ‘गॅस गेला’. संपला तो जळून, गेला तो कुठूनतरी निसटून. घरात या दोन वाक्यांची कधी गल्लत होत नाही, कारण शेगडी ओट्यावर असते आणि फ्रिज कोपऱ्यात. माझ्या आतेभावाने कॅरॅव्हॅन, म्हणजे चालतंफिरतं घर, केलेल्या गाडीत मात्र फ्रिजच गॅसवर चालतो. दापोलीला निघायच्या दोन दिवस आधी तो थंड करेना, म्हणून कुर्ल्याहून मेकॅनिक बोलावला. त्याने आत हात घातला आणि म्हणाला, “गॅस गेलाय साहेब, चार्जिंग करायला लागेल.” आतेभाऊ म्हणाला, “अरे, परवाच नवा लावलाय!” दहा मिनिटं दोघं दोन वेगवेगळ्या गॅसबद्दल तावातावाने बोलत होते. मग मेकॅनिक गॅसचा दाब मोजणारा गेज लावायला मागे आडवा झाला आणि त्याला कॉम्प्रेसरच सापडेना.

सापडणार कसा? त्या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतोच.

घरच्या फ्रिजमधला गॅस हा नुसता हमाल. आतली उष्णता उचलायची, मागच्या जाळीत नेऊन टाकायची, परत यायचं. कॉम्प्रेसर त्याला फिरवत राहतो. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये तो आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, तोही जेमतेम पन्नासेक ग्रॅम. गंमत म्हणजे सिलिंडरमधल्या ब्युटेनचा हा अगदी जवळचा नातेवाईक, पण इथे त्याने जळायचं नसतं. तो वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी भोक आहे, आणि भोक न शोधता जो गॅस भरून देतो त्याला काही महिन्यांनी पुन्हा फोन करायची तयारी ठेवा.

कॅरॅव्हॅनच्या फ्रिजमध्ये दोन खाती आहेत. बाहेर एलपीजीची एक छोटी ज्योत, जी फक्त उष्णता देते. आत लोखंडी नळ्यांमध्ये वेल्डिंग करून कायमचे बंद केलेले अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. ज्योतीच्या उष्णतेने अमोनिया पाण्यातून सुटतो, वर चढतो, मागच्या पट्ट्यांमध्ये निवून द्रव होतो आणि आतल्या कप्प्याकडे उतरतो. तिथे हायड्रोजनच्या संगतीत त्याची वाफ होते आणि ती होताना कप्प्यातली उष्णता ओढून घेते. मग पाणी त्याला पुन्हा शोषून घेतं. मोटर नाही, पंप नाही, आवाज नाही. ही युक्ती १९२२ साली स्टॉकहोममधल्या प्लाटेन आणि मुंटर्स या दोन इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांची. हॉटेलच्या खोलीत जो अजिबात न घुरघुरणारा छोटा फ्रिज असतो, तो पुष्कळदा याच जातीचा.

म्हणजे या फ्रिजच्या बाबतीत दोन्ही वाक्यं खरी असू शकतात, पण उपाय जमीन-अस्मानाचे. एलपीजी संपला तर सिलिंडर बदला. अमोनिया गेला तर अख्खं कूलिंग युनिट बदला. नळ्या वेल्डिंगने बंद असतात, गॅस भरायला चार्जिंग लाइन नसते, आणि आतला दाब इतका असतो की नाक्यावरच्या दुकानात त्याला कुणी हातही लावू नये.

कुठलं खरं, हे ठरवायला विजेची तार पुरते. हे फ्रिज बहुतेक तीन प्रकारे चालतात: गॅस, घरची २३० व्होल्ट वीज आणि गाडीची १२ व्होल्ट. तिन्हींचं काम एकच, अमोनिया-पाण्याची तीच नळी तापवणं. तेव्हा गाडी सपाट जागी लावा, वीज जोडा आणि रात्रभर सोडा. घाई नको, याला थंड व्हायला तासन्‌तास लागतात. सकाळी पाण्याची बाटली गार असेल तर आतला अमोनिया शाबूत आहे, दोष ज्योतीकडे. विजेवरही गार नाही, पण मागची नळी तापतेय, तर गाडी खरंच सपाट होती का आणि मागे हवा खेळते का, हे बघा. तेही ठीक असेल तरच आतल्या गॅसवर संशय घ्या. अमोनिया फुटला तर वास नाकात झोंबतो, सार्वजनिक मुतारीची आठवण करून देणारा, आणि मागे पिवळी भुकटी दिसते. ती गंज रोखायला पाण्यात घातलेल्या क्रोमेटची असते आणि विषारी असते, उघड्या हाताने पुसू नका. एलपीजीचा वास वेगळा, मुद्दाम मिसळलेला, आणि हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. तो आला तर दारं उघडा, सिलिंडर बंद करा, कुठलंही बटण दाबू नका. गळती शोधायची ती साबणाच्या पाण्याने. काडी पेटवून बघणारे काका अजून आहेत, म्हणून सांगितलं.

सपाट जागेचं एवढं का, तर आतला द्रव आपल्याच वजनाने परत खाली येतो. गाडी तीन-चार अंश कलती उभी राहिली तरी तो अडतो. चालत्या गाडीत हेलकावे बसतात म्हणून चालून जातं, उभ्या गाडीत नाही. आतेभावाची गाडी सोसायटीच्या गेटसमोरच्या उतारावर उभी होती, पुढचं चाक वर, मागचं खाली. तिच्यात वॉचमनची छत्री घरंगळून मागे जायची, पण ते कुणाला खटकलं नव्हतं. त्यात मे महिना. पॅनेलमागची हवा कोंडली की हा फ्रिज हात टेकतो, एक छोटा पंखा मागे लावलेला बरा.

ज्योतीकडे काय बिघडतं? खटका दाबून धरला की पेटते आणि सोडला की विझते, तर थर्मोकपल. ज्योतीत तापणारी ही छोटी काडी काही मिलिव्होल्ट वीज तयार करून झडप उघडी ठेवते. पेटवल्यावर अर्धा मिनिट धरून मग सोडून बघा. ज्योत निळी हवी. पिवळी असेल तर काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड सोडते, त्याला वासच नसतो. जेट, म्हणजे गॅस बाहेर पडायचं बारीक भोक, तुंबला तर हात आपोआप स्टोव्हच्या पिनेकडे जातो. आपल्या आज्यांनी ती पीन आयुष्यभर मारली, पण इथे मारू नका. भोक मोठं झालं की ज्योत बिघडली. स्पिरिटमध्ये भिजवून वाळवायचा. आणि घरी पाइपचा गॅस आलाय म्हणून तो या फ्रिजला जोडायचा विचार करू नका. तो मिथेन, त्याचा जेट वेगळा, दाब वेगळा.

पेट्रोल पंपावर शिरण्याआधी ज्योत विझवायची, यात सूट नाही. चालताना १२ व्होल्ट वापरा, पण उभ्या गाडीत नको. दहा-बारा अँपिअर ओढून तो सकाळपर्यंत बॅटरी बसवतो.

आमच्या फ्रिजचं असं झालं: गाडी वॉचमनच्या केबिनमागच्या सपाट जागी आणली, केबिनमधून वायर ओढली, आणि सकाळी बाटली गार. मग गॅसवर लावला तर ज्योत पिवळी, मरतुकडी. धुरांड्यातून गंजाचे पापुद्रे बर्नरवर पडले होते, समुद्रकाठच्या हवेची कृपा. मेकॅनिकने ब्रशने सगळं झाडलं आणि ज्योत निळी झाली. फ्रिजमधली पापलेटं मात्र आदल्या दिवशीच मांजरींना गेली होती.

बिलावर त्याने लिहिलं: ‘गॅसचं काम’.