पात्राला स्वतःचं कारण माहीत नसतं

कथा लिहिण्याआधी पात्राची कुंडली मांडायची अनेकांना सवय असते. वय, पेशा, स्वभाव रागीट, लहानपणी आई गेली म्हणून एकलकोंडा. मग कथेत तो माणूस रागावतो, एकटा राहतो आणि कुणी विचारलंच तर आईचं कारण सांगतो. सगळं तर्काला धरून, तरीही माणूस काही उभा राहत नाही. आपण असे का वागतो हे माणसाला इतकं नेमकं ठाऊक असतं, हे गृहीतकच कच्चं आहे.

१९७७ साली रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी एका प्रयोगाचं वर्णन केलं. टेबलावर नायलॉनच्या मोज्यांच्या चार जोड्या मांडल्या होत्या, सगळ्या हुबेहूब सारख्या. सर्वांत चांगली कोणती, असं विचारल्यावर उजव्या टोकाची जोडी सर्वाधिक निवडली गेली. कारणं मात्र सांगितली गेली मालाच्या दर्जाची. जागेमुळे निवड झाली का, या प्रश्नाला जवळपास सर्वांनी ठाम नकार दिला. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

त्याच दशकात मायकेल गझॅनिगा आणि जोसेफ लडू यांनी केलेला प्रयोग तर लेखकांनी पाठच करावा असा आहे. अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेत एका रुग्णाच्या मेंदूच्या दोन अर्धगोलांमधला दुवा कापलेला होता. त्याच्या डाव्या अर्धगोलाला कोंबडीचा पाय दाखवला, उजव्याला बर्फाने वेढलेलं घर. समोरच्या चित्रांतून त्याच्या उजव्या हाताने कोंबडी निवडली आणि डाव्या हाताने फावडं. डावा हात उजवा अर्धगोल चालवतो, म्हणजे फावडं बर्फासाठी होतं, पण बोलणारा डावा अर्धगोल बर्फाबद्दल पूर्ण अनभिज्ञ! ‘का निवडलं?’ यावर तो अडखळलासुद्धा नाही: कोंबडीचं खुराडं साफ करायला फावडं लागतंच की.

पात्र जिवंत करायला हे खुराड्याचं स्पष्टीकरण फार उपयोगी पडतं. समजा, एका बाईला भावाचं पत्र आलंय. आपण लिहितो, ‘तिला भीती वाटत होती, म्हणून तिने पत्र उघडलं नाही.’ इथे वाचकाला करण्यासारखं काही उरत नाही. त्याऐवजी ती पत्र टेबलावर ठेवते, त्यावर चष्मा ठेवते आणि कपाट आवरायला घेते. नवरा विचारतो तेव्हा म्हणते, ‘चष्मा सापडेना.’ हे ती मनापासून म्हणते, हे महत्त्वाचं. चष्मा कुठे आहे ते वाचकाने पाहिलेलं आहे.

उरलेलं काम वाचक करतोच. १९४४ मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल यांनी दोन त्रिकोण आणि एक वर्तूळ इकडून तिकडे सरकतात, एवढीच छोटी फिल्म लोकांना दाखवली. नुसतं ‘काय दिसलं ते लिहा’ असं सांगितलेल्या ३४ जणांपैकी एकानेच भूमितीच्या भाषेत वर्णन केलं. बाकीच्यांना भांडण, पाठलाग, दादागिरी असं काहीबाही दिसलं. निव्वळ आकारांना मन बहाल करणारा वाचक माणसाच्या हालचालींतून काय वाचणार नाही? म्हणूनच भावनांची नावं पुन्हा पुन्हा लिहिणाऱ्या लेखकाने वाचकाला कमी लेखलंय असं मला वाटतं.

कथानक पुढे न्यायलाही स्वतःच्या वागण्याचं असं समर्थनच कामी येतं. लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांच्या १९५९च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना तासभर अत्यंत कंटाळवाणं काम दिलं आणि पुढच्या व्यक्तीला ‘मजा आली’ असं सांगायला लावलं. त्यासाठी काहींना २० डॉलर मिळाले, काहींना फक्त १. नंतर विचारलं तेव्हा काम बरं वाटलं असं १ डॉलरवाले अधिक म्हणाले. २० डॉलरवाल्यांकडे खोटं बोलायला सबळ कारण होतं. इतरांनी मतच बदलून टाकलं. त्यामुळे पात्राला भ्रष्ट करायचं असेल तर मोठं आमिष दाखवणं हा कच्चा मार्ग. किरकोळ फायद्यासाठी एक छोटं खोटं बोलू द्या. ते टिकवायला तो स्वतःची समजूत घालेल, मग त्या समजुतीला धरून पुढचं पाऊल टाकेल.

एक धोका मात्र आहे. खरं कारण पात्राला माहीत नसलं तरी लेखकाला माहीत हवं आणि त्याचा पुरावा पानावर हवा. टेबलावरचा चष्मा गाळला, तर ती बाई नुसतीच विसरभोळी ठरते.