बीआरसीए असताना स्तन वाचवावा का? प्रश्नाची पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका ओपीडीत वहिनीसोबत बसले होते. तिला स्तनाचा कर्करोग निघाला होता. डॉक्टरांनी कोरा कागद पुढे ओढला आणि तिचं घराणं मांडायला घेतलं: बाईला गोल, पुरुषाला चौकोन, कर्करोग झालेला असेल तर आत काळं भरायचं. वहिनी आई, मावशी, आजी सांगून थांबली. "आणि वडिलांकडचं?" विचारल्यावर तिला आत्या आठवली. अंडाशयाच्या कर्करोगाने गेलेली. सदोष जनुक बापाकडूनही तितकंच येतं. आपल्या घरांत 'आमच्याकडे कुणाला नाही' म्हणताना ती बाजू मोजलीच जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

चाचणीत बीआरसीए-१ निघालं, म्हणजे त्या नावाच्या जनुकात दोष; तो असला की स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका खूप वाढतो. मग प्रश्न आला: नुसती गाठ काढायची, की सगळा स्तन?

या प्रश्नाची सुरुवात अमेरिकेत बाल्टिमोरमधल्या सर्जन विल्यम हॉल्स्टेडपासून होते. १८९४ मध्ये त्यांनी मांडलेल्या शस्त्रक्रियेत स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथी एकदमच काढत. रोग शेजारून शेजारी सरकतो, म्हणून जितकं जास्त कापू तितकं बरं, हा त्यामागचा विचार. बायकांची छाती खोलगट व्हायची, हात सुजायचा. तरी कित्येक दशकं हेच चाललं. १९७३ मध्ये इटलीत मिलानला सर्जन उंबेर्तो वेरोनेसी यांनी आणि १९७६ मध्ये अमेरिकेत सर्जन बर्नार्ड फिशर यांनी सगळा स्तन काढणं आणि स्तन वाचवणं या दोन्ही पद्धतींची थेट तुलना सुरू केली. २००२ मध्ये वीस वर्षांचे निष्कर्ष आले: स्तन वाचवलेल्या बायकाही तितक्याच जगल्या. मात्र रेडिएशन हवंच. फिशर यांच्या अभ्यासात ते न घेतलेल्यांपैकी ३९ टक्के जणींना त्याच स्तनात पुन्हा गाठ आली, घेतलेल्यांपैकी १४ टक्के.

पण या अभ्यासांत बायका भरती झाल्या तेव्हा बीआरसीए कुणाला ठाऊकच नव्हतं. जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये १७ व्या गुणसूत्रावर बीआरसीए-१ चा माग लावला, १९९४ मध्ये जनुक हाती आलं. ते तुटलेला डीएनए सांधतं. साहजिकच भीती वाटली: सांधणारंच बिघडलेलं, त्यात रेडिएशन कसं द्यायचं? २०१३ मध्ये बीआरसीए-१ असलेल्या हॉलिवूड अभिनेत्री अँजेलिना जोलीने दोन्ही स्तन काढल्याचं जाहीर केल्यावर तर सगळ्यांना तोच एक मार्ग वाटू लागला. तिला कर्करोग झालेला नव्हता, हे मात्र विसरलं गेलं.

२०१० मध्ये बीआरसीए असलेल्या ६५५ रुग्णांचा अभ्यास आला. स्तन वाचवलेल्यांत १५ वर्षांत त्याच बाजूला पुन्हा रोग होण्याचं प्रमाण २३.५ टक्के होतं, स्तन काढलेल्यांत ५.५. आयुर्मानात मात्र फरक नव्हता. आकडा मोठा आहे, पण त्यातले बहुतेक कर्करोग जुने उलटलेले नसून उरलेल्या स्तनात नव्याने झालेले दिसत होते. म्हणजे पहिली शस्त्रक्रिया फसलेली नव्हती. २०२० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी बीआरसीए असतानाही स्तन वाचवण्याची वाट मोकळी ठेवली. टीपी५३ या जनुकात दोष असेल तर गोष्ट वेगळी. तिथे रेडिएशन शक्यतो टाळतात.

वहिनीने गाठच काढली. रेडिएशन झालं, आता दरवर्षी मॅमोग्राफी आणि एमआरआय. त्या कागदावर तिच्या मुलीचाही गोल आहे, अजून रिकामा. ती चौदाची आहे. अठराच्या आधी ही चाचणी करत नाहीत.