ब्रेक डक्ट

ब्रेक डक्ट : धावत्या मोटारीवर आदळणारी हवा पकडून ती ब्रेकच्या डिस्कपर्यंत, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीपर्यंत, नेणारा मार्ग. कधी तो बंपरपासून चाकापर्यंत गेलेला लवचीक नळ असतो, तर कधी सस्पेन्शनच्या आर्मवर (चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्यावर) अडकवलेले पन्हळासारखे साधे पाते. शर्यतीच्या गाड्यांना तो मुळातच असतो. रस्त्यावरची स्पोर्ट्स कार ट्रॅकवर नेणारे हौशी चालक तो मागाहून बसवून घेतात, आणि बहुतेकांची चूक एकच होते: सगळे लक्ष बंपरमधल्या भोकावर, आणि चाकाजवळच्या शेवटच्या वीतभर अंतराकडे दुर्लक्ष.

उष्णतेचा हिशेब : ब्रेक लावणे म्हणजे गाडीच्या गतीची उष्णता करणे. दीड टनाची गाडी ताशी 200 किमी. वरून 80 वर आणली, की सुमारे 19 लाख जूल उष्णता तयार होते. त्यातली 70 टक्के पुढच्या दोन ब्रेकवर पडली, तर एकेका डिस्कच्या वाट्याला पावणेसात लाख जूल येतात. 10 किलोची बिडाची डिस्क तेवढ्याने साधारण 135 अंशांनी तापते, तेही तीन-चार सेकंदांत. खंबाटकीचा किंवा कसाऱ्याचा घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसलेल्या चालकाला ब्रेक तापणे म्हणजे काय ते ठाऊक असते. ट्रॅकवर तोच प्रकार दर मिनिटाला अनेकदा घडतो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटची एक फेरी 5.125 किमी. ची आहे. तिच्यात एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे आणि त्याच्या टोकाला मंद वळण. तिथे डिस्क एकदा उसळी घेते, आणि निवते न निवते तोच पुढचे वळण येते.

यातून डक्टच्या कामाची मर्यादाही कळते. एका ब्रेकिंगमध्ये डिस्क किती तापेल, हे डिस्कचे वजन ठरवते. डक्ट त्या उसळीला फारसा आवर घालू शकत नाही. दोन वळणांमधल्या वेळात डिस्क जास्त खाली उतरवणे, म्हणजे पुढची उसळी खालच्या पायरीवरून सुरू करून देणे, एवढेच त्याचे काम. म्हणून लहान डिस्क आणि जड गाडी ही जोडी नुसत्या डक्टने सुधारत नाही.

आधी दुखणे ओळखणे : ‘ब्रेक गेले’ असे म्हणत चालक पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेत) येतो, तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी घडलेल्या असू शकतात. पेडल नेहमीसारखे कडक, पण कितीही दाबले तरी गाडी थांबत नाही, तर पॅड (डिस्कवर दाबले जाणारे घर्षणाचे ठोकळे) त्यांच्या कुवतीपलीकडे तापले आहेत. रस्त्यावरच्या गाडीचे पॅड ट्रॅकच्या तापमानासाठी बनवलेले नसतात; त्यांच्यातले रेझिन जळून वायू सुटू लागतो आणि पकड जाते. पेडल मऊ होऊन जमिनीपर्यंत गेले, तर मात्र कॅलिपरमधले (पॅड दाबणाऱ्या चिमट्यातले) ब्रेक ऑइल उकळले आहे. त्यातले वाफेचे बुडबुडे दाबले जातात, दाब पुढे पोचतच नाही. डॉट 4 प्रतीच्या ताज्या ऑइलचा उकळबिंदू किमान 230° से. असावा लागतो, पाणी शोषल्यावर तो 155° पर्यंत उतरला तरी ते मानकात बसते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत दोन पावसाळे काढलेल्या ऑइलवर ट्रॅकवर जाणाऱ्याने डक्टची चौकशी करण्याआधी ऑइल बदललेले बरे. ताजे ऑइल आणि ट्रॅकचे पॅड घालूनही त्रास उरला, तरच डक्टचा खर्च सार्थकी लागतो.

हवा कुठे सोडायची : हा या विषयाचा गाभा. हवेशीर डिस्क म्हणजे दोन तबकड्या आणि त्यांच्यामधल्या पाकळ्या. विहिरीवरच्या पंपाचा इंपेलर जसा मधल्या डोळ्यातून पाणी घेऊन कडेने फेकतो, तशी फिरणारी डिस्क हबजवळून, म्हणजे चाकाच्या मध्याजवळून, हवा ओढते आणि परिघावरून बाहेर टाकते. डक्टने हवा द्यायची ती या डोळ्यात. नळाचे तोंड नुसतेच डिस्कच्या आतल्या पृष्ठभागावर रोखले, तर तेवढी बाजू थंड होते, बाहेरची तबकडी तापलेलीच राहते. या असमान तापण्याने डिस्क बशीसारखी वाकते आणि तडे लवकर जातात. डक्ट लावल्यावर डिस्क आधीपेक्षा लवकर तडकू लागल्या, तर पहिला संशय इथे घ्यावा.

बहुतेक गाड्यांत डिस्कचा हा डोळा गाडीच्या आतल्या बाजूला उघडतो, त्यामुळे काम सोपे होते. काही डिस्कमध्ये तो बाहेरच्या, म्हणजे चाकाच्या बाजूला असतो. अशा डिस्कला आतून कितीही हवा दिली तरी तिचा थोडाच भाग पाकळ्यांत शिरतो. पाकळ्या वक्र असतील तर डाव्या-उजव्या डिस्क वेगळ्या असतात. पाकळ्यांचा बाक फिरण्याच्या दिशेच्या मागे झुकलेला हवा. घाईत अदलाबदल झाली की पंप अर्धामुर्धा चालतो.

म्हणूनच चांगल्या संचात नळापेक्षा महत्त्वाची असते ती मागची पत्र्याची ताटली. मूळ डस्ट शील्ड (डिस्कमागचा धूळ अडवणारा पत्रा) काढून तिच्या जागी ही ताटली बोल्ट करतात. तिला नळ जोडायला तोंड असते आणि ती डिस्कच्या मधल्या भागाला झाकणासारखी लागून बसते, म्हणजे आलेली हवा इकडेतिकडे न सांडता डोळ्यातच जाते. नुसते डस्ट शील्ड काढून टाकण्याचा फुकटचा उपाय पुष्कळजण करतात. त्याने थोडा फरक पडतो, पण तापलेल्या डिस्कची धग मग थेट सस्पेन्शन-स्टिअरिंगच्या सांध्यांच्या, म्हणजे बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडच्या, रबरी बुटांवर पडते. ते वाळून फाटतात, आतले ग्रीस बाहेर येते.

हवा कुठून घ्यायची : ताशी 160 किमी. वेगाला समोरच्या हवेचा दाब पाण्याच्या जेमतेम 12 सेंमी. स्तंभाएवढा असतो. एवढ्या भांडवलावर सगळा व्यवहार चालवायचा, त्यामुळे नळाचे प्रत्येक वळण, चेमटलेला भाग, तोंडावरची बारीक जाळी यांची किंमत मोजावी लागते. बंपरचा सपाट समोरचा भाग सर्वांत चांगला. फॉग लॅम्पची जागा त्यामुळेच लोकप्रिय आहे. पृष्ठभागात बुडालेला, त्रिकोणी दिसणारा ‘नाका’ (NACA) डक्ट अमेरिकेच्या विमानविद्या सल्लागार समितीने 1945 च्या सुमारास विकसित केला. गाडीच्या सपाट पोटावर तो उपयोगी पडतो, बंपरवर मात्र बहुतेकदा शोभेपुरताच असतो.

पोर्शच्या 996 मालिकेतील 911 आणि तिच्या भावंडासारख्या 986 बॉक्स्टरमध्ये या जागेचीच पंचाईत आहे. इंजिन मागे, पण पाणी थंड करणारे रेडिएटर पुढच्या दोन कोपऱ्यांत, नेमके चाकांच्या समोर. तिथली हवा नळात वळवायची म्हणजे रेडिएटरच्या तोंडचा घास काढायचा. पोर्शने त्यावर साधे उत्तर काढले: खालच्या कंट्रोल आर्मवर प्लास्टिकचे पाते, जे गाडीखालून वाहणारी हवा ब्रेककडे वळवते. 911 च्याच ट्रॅकसाठी घडवलेल्या जीटी3 आवृत्तीची पाती आकाराने मोठी असतात, आणि साध्या 911, बॉक्स्टर, केमनचे मालक तीच विकत घेऊन आपल्या गाडीला लावतात. नळ नाही, कापाकापी नाही, आर्म हलला की पातेही सोबत हलते. पूर्ण नळाच्या संचाएवढी हवा यातून मिळत नाही, पण खर्च आणि कटकट पाहता पहिली पायरी म्हणून याला तोड नाही.

नळ बसवताना : नळ प्रायः 63, 76 किंवा 102 मिमी. व्यासाचे मिळतात. 63 वरून 76 वर गेल्यास छेदाचे क्षेत्रफळ सुमारे 45 टक्क्यांनी वाढते, म्हणून जागा असेल तर 76 घ्यावा. 102 चा नळ रुंद टायरच्या गाडीत सहसा मावत नाही. मग तो दाबून चपटा करतात आणि मिळवलेले सगळे घालवतात. डिस्कजवळचा नळ सिलिकॉन चढवलेल्या ग्लासफायबरचा, आत तारेचे वेटोळे असलेला हवा. कपडे वाळवण्याच्या यंत्राचा पातळ ॲल्युमिनियमचा नळ काहीजण वापरून बघतात. टायरचा एक घसटा लागला की त्याच्या चिंध्या होतात. बांधायला प्लास्टिकचे केबल टाय नकोत, ते वितळतात. स्टीलचे टाय किंवा तार वापरावी.

खरी मेहनत शेवटच्या तपासणीत असते. गाडी स्टँडवर घेऊन स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचे, मग जॅकने चाक वर दाबून पुन्हा तेच. नळ टायरला, स्प्रिंगला किंवा ब्रेकच्या रबरी होजला लागता कामा नये, आणि चाक लोंबकळत असताना ताणलाही जाऊ नये. पहिल्या तीन-चार फेऱ्यांनंतर चाक काढून नळावर काळे चकचकीत ओरखडे आहेत का ते बघावे. टायर कुठे घासतो ते तेच सांगतात.

परिणाम मोजणे : पिटमध्ये आल्यावर इन्फ्रारेड गनने डिस्क मोजतात, पण तोवर ती बरीच निवलेली असते आणि चकचकीत धातूवर ही गन आकडा कमीच दाखवते. त्यापेक्षा डिस्कच्या कडेला लावायचे तापदर्शक रंग भरवशाचे. सर्रास मिळणाऱ्या तीन रंगांच्या संचात हिरवा 430°, नारिंगी 560° आणि लाल 610° से. ला रंग बदलतो, आणि तो पुन्हा पूर्ववत होत नाही. कॅलिपरवर तापमानाच्या चिकटपट्ट्या लावतात. हवा जास्तही होऊ शकते: ट्रॅकचे पॅड त्यांच्या कामाच्या तापमानाला पोचलेच नाहीत तर चावत नाहीत. तेव्हा डक्टच्या तोंडावर टेप लावून ते अर्धे बंद करतात. शर्यतीचे संघही थंड दिवशी हेच करतात.

पूर्वपीठिका : डिस्क ब्रेक येण्याआधी हाच प्रश्न ड्रमचा होता. 1957 च्या शेव्हर्ले कॉर्व्हेटच्या शर्यतीसाठीच्या खास पॅकेजमध्ये मागच्या ड्रमसाठी हवा गाडीच्या नाकापासून दाराखालच्या पोकळ पट्टीतून नेली होती. 1953 मध्ये जॅग्वार सी-टाइपने डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर ल मांची 24 तासांची शर्यत जिंकल्यानंतर ड्रमचे दिवस भरत आले, डक्टचे मात्र नाही. फॉर्म्युला वनमध्ये तर ब्रेक डक्टच्या नावाखाली चाकाभोवती इतके छोटे पंख उगवले की 2019 च्या नियमांनी पुढच्या डक्टवरचे ते पंख काढायला लावले.

भारतातली अडचण निराळी. कंट्रोल आर्मवरचे पाते जमिनीपासून फार उंच नसते, आणि ट्रॅकवरून घरी परतताना गतिरोधकावर ते सहज तुटते. ते क्लिपवर बसत असल्याने जाणते मालक ट्रॅकवरून निघतानाच काढून डिकीत टाकतात.