चार फेकींत एक तरी सहा

ल्युडोत सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघत नाही. मग फासा चार वेळा टाकला, तर निदान एकदा सहा पडण्याची शक्यता किती? बहुतेकांचा तोंडी हिशेब ठरलेला असतो: एका फेकीला १/६, चार फेकींना ४/६, म्हणजे जवळपास ६७ टक्के. हीच रीत पुढे नेली की सात फेकींना ७/६ येतात. संभाव्यता १ च्या वर जाऊच शकत नाही, तेव्हा बेरजेतच काहीतरी गफलत आहे.

ती पाहायला दोनच फेकी घ्या. पहिली सहा प्रकारे, दुसरी सहा प्रकारे, म्हणून एकूण ३६ जोड्या. पहिल्या फेकीत सहा असलेल्या जोड्या ६, दुसऱ्या फेकीत सहा असलेल्याही ६. पण (६, ६) ही जोडी दोन्हीकडे धरली गेली. खऱ्या जोड्या ११, त्यामुळे उत्तर ११/३६, १२/३६ नव्हे. दोन्ही घटना एकदम घडूच शकत नसतील, तरच सरळ बेरीज चालते.

चार फेकींत हे दुहेरी-तिहेरी मोजणं फारच किचकट होतं. त्यापेक्षा उलटीकडून शिरावं. एका फेकीत सहा न पडण्याची शक्यता ५/६. एका फेकीचा दुसरीवर परिणाम होत नाही, म्हणून इथे गुणाकार: ५/६ चार वेळा, म्हणजे ६२५/१२९६. हे १ मधून वजा केलं की ६७१/१२९६, सुमारे ५१.८ टक्के. फायदा आहे, पण निसटता.

सतराव्या शतकात फ्रान्समधल्या मेरे नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेखकाला याचंच कोडं पडलं होतं. शक्यता निम्म्यावर न्यायला एका फाशाला चार फेकी पुरतात. मग दोन फाशांवर दोन्ही सहा यायला, एकूण प्रकार सहापट झाले म्हणून फेकीही सहापट, २४, पुरायला हव्यात. साधं त्रैराशिक! पण (३५/३६) चा २४ वा घात १ मधून वजा केल्यावर हाती उरतात ४९.१ टक्के. २५ फेकी केल्या तरच आकडा ५०.६ वर जातो. त्रैराशिक इथे लागू पडत नाही, कारण आपण घात घेतोय. फ्रेंच गणिती पास्कालने १६५४ मध्ये दुसरा गणिती फर्मा याला लिहिलेल्या पत्रात हा ६७१ विरुद्ध ६२५ चा हिशेब आहे.

मग बरोबर ५० टक्के शक्यता देणारी फेकींची संख्या कुठली? अशी संख्याच नाही, आणि त्याचं कारण मला या सगळ्यात सर्वांत देखणं वाटतं. बरोबर अर्धं यायचं तर ५ च्या घाताची दुप्पट ६ च्या तेवढ्याच घाताइतकी हवी. उजवीकडच्या संख्येला ३ ने नेहमी भाग जातो. डावीकडे मूळ अवयव फक्त २ आणि ५, त्यामुळे ३ ने भाग कधीच जात नाही. चार फेकींसाठी ताळा पाहा: ६२५ ची दुप्पट १२५०, अंकांची बेरीज ८, १२९६ च्या अंकांची बेरीज १८. दोन फाशांनाही हेच लागू: ३५ चे अवयव ५ आणि ७, तिथेही ३ नाही.

हे सगळं उभं आहे ते फाशाच्या सहाही बाजू सारख्याच संधीने पडतात या गृहीतावर. पटाच्या खेळातल्या कवडीला ते लावता येत नाही. ती उताणी किंवा पालथी, दोनच प्रकारे पडते, म्हणून १/२ लिहायचा मोह होतो. पण तिच्या दोन बाजू आकाराने वेगळ्या असतात. कवडीचा अपूर्णांक कागदावर मिळत नाही. ती शे-दोनशे वेळा टाकून, उताण्या पडलेल्या मोजून काढावा लागतो, आणि तोही अंदाजच.