इंटरनेटचा इतिहास: कागद टिकले, पानं उडाली

इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवरच्या पहिल्या निरोपाची गोष्ट पुष्कळांच्या कानावर असते. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संगणकाला ‘लॉगिन’ पाठवायला घेतलं. ‘एल’ आणि ‘ओ’ पोचले आणि पलीकडचा संगणक बंद पडला. गोष्ट खरी आहे, पण त्या रात्रीच्या नोंदवहीत तिचा मागमूस नाही. तिथे साडेदहा वाजताची नोंद आहे ती एवढीच, की स्टॅनफर्डच्या संगणकाशी थेट बोलणं झालं. अक्षरांचा तपशील पुढे संबंधितांच्या आठवणींतून आला. इथे नोंद आणि आठवण एकमेकींना छेद देत नाहीत. सगळीकडे तसं घडत नाही.

अणुहल्ल्यातही टिकेल असं जाळं हवं म्हणून अमेरिकी लष्कराने इंटरनेट उभारलं, हे वाक्य अजून अनेक लेखांत बिनदिक्कत येतं. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधनसंस्थेतले पॉल बॅरन खरोखरच हल्ल्यात तगणाऱ्या संदेशवहनाचा विचार करत होते. निरोपाचे तुकडे करून ते वेगवेगळ्या वाटांनी पाठवण्याची त्यांची कल्पना १९६४ च्या अहवालांत सविस्तर मांडलेली आहे. पण अर्पानेटची सुरुवात त्यातून झाली नाही. १९६६ साली अर्पा या अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधनसंस्थेतले बॉब टेलर यांची अडचण फार साधी होती. त्यांच्या कार्यालयात तीन टर्मिनल होती, तीन ठिकाणच्या तीन संगणकांना जोडलेली, आणि प्रत्येकावर काम करायची तऱ्हा निराळी. शिवाय प्रत्येक संशोधनगट आपल्यासाठी वेगळा महागडा संगणक मागत होता. ही यंत्रं एकमेकांना जोडून वाटून वापरावीत, हा मूळ हेतू.

त्याच सुमारास ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत डॉनल्ड डेव्हिस स्वतंत्रपणे बॅरन यांच्याच कल्पनेपाशी पोचले होते. निरोपाच्या तुकड्याला ‘पॅकेट’ हे नाव त्यांचं. ऑक्टोबर १९६७ मध्ये टेनेसीतल्या गॅटलिनबर्गच्या परिषदेत अर्पाचे लॅरी रॉबर्ट्स यांनी अर्पानेटचा आराखडा मांडला, तेव्हा डेव्हिस यांचे सहकारी रॉजर स्कँटलबरी तिथे आपला निबंध घेऊन आले होते. बॅरन यांच्या कामाचं मोल रॉबर्ट्स यांच्यापर्यंत नीट पोचलं ते तिथे. बॅरन आणि रॉबर्ट्स दोघेही अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर काम करणारे, आणि दुवा जुळला इंग्रज माणसामुळे! तेव्हा ‘इंटरनेटचा जनक कोण’ या प्रश्नाला एका नावाचं उत्तर देणारा लेख दिसला की जपून वाचावं.

हे सगळं आज तपासता येतं, कारण त्या पिढीने कागद जपले. स्टीव्ह क्रॉकर यांनी ७ एप्रिल १९६९ रोजी लिहिलेलं पहिलं आरएफसी (जाळ्याच्या नियमांवर मतं मागवणारं) टिपण आजही कोणालाही वाचता येतं, आणि त्यानंतरची मालिकाही. जाळ्यातल्या यंत्रांची नावं आणि पत्ते यांची यादी वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या एलिझाबेथ फाइनलर यांनी आपल्या केंद्राचे कागद टाकून दिले नाहीत. ते आता कॅलिफोर्नियाच्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियममध्ये आहेत. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माउस, हायपरटेक्स्ट (दुव्यांनी जोडलेला मजकूर) आणि पडद्यावरून दोन ठिकाणांचा संवाद एकाच प्रात्यक्षिकात दाखवला. त्याचं चित्रण झालं होतं, म्हणून त्यांच्या श्रेयाबद्दल फारसा वाद उरत नाही.

मल्टिमीडियाच्या वाट्याला मात्र इतकी प्रसिद्धी आली नाही. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत उपेक्षित धागा आकुंचनाचा, म्हणजे चित्र-आवाजाचा डेटा लहान करण्याचा. १९७२ साली कॅन्सस स्टेट विद्यापीठातले नासिर अहमद यांनी डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म या गणिती पद्धतीच्या अभ्यासासाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला. तो मिळाला नाही. कल्पना फारच साधी वाटते, अशा अर्थाचा एका परीक्षकाचा शेरा अहमद यांनी पुढे नोंदवून ठेवला आहे. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबतचा त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये छापून आला. चित्राचे छोटे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातले रंगाचे चढउतार लहरींच्या बेरजेत मांडायचे आणि डोळ्याला जाणवणार नाही तेवढं सूक्ष्म काढून टाकायचं: १९९२ चं चित्रांसाठीचं जेपेग याच पायावर उभं आहे, एमपेगची व्हिडिओ मानकंही. आवाजासाठीच्या एमपी३ मध्ये याच गणिताची सुधारित आवृत्ती आहे. त्यावर जर्मनीत काम करणाऱ्या कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांना वाद्यांशिवाय गायलेल्या एका गाण्याने छळलं, कारण त्यातला नुसता मानवी आवाज आकुंचनात बिघडत होता. फाइलच्या नावापुढचं ‘एमपी३’ हे शेपूट १४ जुलै १९९५ ला ठरलं. चार वर्षांनी गाण्यांच्या फाइली आपसांत वाटण्याची सोय देणारं नॅपस्टर आलं आणि संगीत कंपन्यांना या गणिताची खरी ओळख झाली.

चित्रांसह वेब पहिल्यांदा दाखवलं ते मोझॅक या ब्राउझरने, असंही सरसकट लिहिलं जातं. पेई-युआन वेई यांचा व्हायोला ब्राउझर १९९२ मध्येच चित्रं दाखवत होता. मोझॅकचे मार्क अँड्रीसन यांनी फेब्रुवारी १९९३ मध्ये पानात चित्र बसवणारा टॅग (पानाच्या मजकुरातली खूण) सुचवला तेव्हा इतरांनी वेगळे पर्याय मांडले, वेब घडवणारे टिम बर्नर्स-ली यांनीही. चर्चा संपेपर्यंत मोझॅक थांबला नाही. तोच टॅग चालला, कारण लोकांच्या संगणकावर मोझॅक पोचला होता. ३० एप्रिल १९९३ रोजी वेब जिथे जन्मलं त्या सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेने वेबचं तंत्र सर्वांसाठी खुलं केलं होतं, त्यामुळे कोणाची परवानगी घ्यायचीही गरज नव्हती.

इथून पुढे शोध घेणाऱ्याची पंचाईत सुरू होते. १९६९ ची वही हाती लागते, पण पहिलं वेबपान त्याच्या मूळ रूपात नाही. त्याच पत्त्यावर नवं लिहिलं की जुनं पुसलं जाई. २०१३ साली सर्नने पहिलं संकेतस्थळ पुन्हा उभं केलं, तेव्हा त्यासाठी वापरलेली प्रत १९९२ ची होती. ब्रूस्टर काल यांनी १९९६ मध्ये वेबपानं साठवणारं इंटरनेट आर्काइव्ह सुरू केलं, त्याआधीच्या वेबचे असे विखुरलेले तुकडेच सापडतात. आर्काइव्ह आल्यावरही सगळं वाचलं असं नाही. लाखो लोकांची घरगुती पानं असलेलं जिओसिटीज याहूने ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केलं आणि स्वयंसेवकांनी घाईघाईत जमेल तेवढं उतरवून घेतलं. मायस्पेस या संकेतस्थळाने २०१९ मध्ये सांगितलं, की सर्व्हर बदलताना २०१५ पर्यंत चढवलेलं संगीत गेलं.

वेबवर ॲनिमेशनं आणि खेळ चालवणाऱ्या फ्लॅश या तंत्राची गत थोडी बरी. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने त्याचा आधार काढून घेतला, पण त्याच्या महिनाभर आधी इंटरनेट आर्काइव्हने रफल या मुक्त एम्युलेटरच्या (जुन्या तंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मदतीने जुनी ॲनिमेशनं आणि खेळ ब्राउझरमध्ये चालवून दाखवायला सुरुवात केली होती. जे एका फाइलीत पूर्ण सामावलं होतं ते त्यामुळे आजही चालतं. गुण, पातळ्या किंवा दुसरे खेळाडू ज्यांना सर्व्हरवरून आणावे लागत, ते खेळ मात्र सुरुवातीच्या पडद्यापुढे सरकत नाहीत, कारण सर्व्हरवरचा भाग लोकांच्या संगणकावर कधी उतरलाच नव्हता.